वापरकर्ता स्वीकृती चाचणी-संहितांची एकवाक्यता

वापरकर्ता स्वीकृती चाचणी ही संगणक-प्रणाली प्रत्यक्ष वापरात आणण्यापूर्वीची अखेरची चाचणी होय. प्रणाली ज्यांच्यासाठी तयार झाली ते कर्मचारी, ग्राहक किंवा नागरिक ती आपल्या नेहमीच्या कामासाठी वापरून पाहतात आणि ती स्वीकारावी की नाकारावी याचा निर्णय देतात. कोणती कृती करावी, कोणती माहिती भरावी आणि कोणता परिणाम दिसल्यास चाचणी उत्तीर्ण मानावी, हे सांगणाऱ्या लेखी सूचनांना चाचणी-संहिता म्हणतात. व्यवहारात 'टेस्ट स्क्रिप्ट' हा शब्द रूढ आहे. एकाच संहितेवरून दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे चाचणी घेतली असता दोघींच्या हातून तीच कृती घडावी व दोघींनी तोच निर्णय द्यावा, या गुणाला संहितांची एकवाक्यता म्हणतात.

स्वीकृतीपत्रावर सही झाल्यानंतर प्रणालीची जबाबदारी बव्हंशी तिच्या निर्मात्याकडून ग्राहक संस्थेकडे जाते. त्यानंतर उघडकीस आलेल्या चुकीचा भार सामान्यतः शेवटच्या वापरकर्त्यावर पडतो. त्यामुळे ती सही ज्या संहितांच्या निकालांवर आधारलेली असते, त्या संहितांचा अर्थ वाचणाऱ्यागणिक बदलू नये, हा या विषयाचा गाभा आहे.

स्थान आणि स्वरूप

सॉफ्टवेअरच्या चाचण्या साधारणपणे चार पातळ्यांवर होतात : सुट्या घटकाची चाचणी, घटकांच्या जोडणीची चाचणी, संपूर्ण प्रणालीची चाचणी आणि स्वीकृती चाचणी. पहिल्या तिन्ही पातळ्यांवरील काम बहुधा तंत्रज्ञ करतात. चौथ्या पातळीवर मात्र लिपिक, लेखापाल, परिचारिका, शिक्षक अशा व्यक्ती चाचणीला बसतात. त्यांना आपले काम उत्तम ठाऊक असते, पण चाचणीशास्त्राचे शिक्षण नसते. म्हणूनच या पातळीवरील संहितेत तंत्रज्ञाला गृहीत धरता येणाऱ्या गोष्टीही स्पष्ट लिहाव्या लागतात.

चाचणीच्या कागदपत्रांना ठरावीक आकृतिबंध असावा, हा विचार जुना आहे. अमेरिकेतील विद्युत व इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या 'आयट्रिपलई' या संस्थेने १९८३ मध्ये ८२९ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. १९९८ व २००८ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. पुढे २०१३ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या २९११९ या आंतरराष्ट्रीय मानकमालिकेने त्याची जागा घेतली. या मानकांमुळे संहितेतील रकाने निश्चित झाले. रकान्यात लिहिलेले वाक्य निःसंदिग्ध आहे की नाही, हे मात्र लिहिणाऱ्यावरच अवलंबून राहते.

विसंगतीची कारणे

संहितांमधील विसंगती पुढील ठिकाणी विशेषत्वाने आढळते.

१. पारिभाषिक शब्द : एका संहितेत 'जतन करा', दुसरीत 'साठवा' आणि तिसरीत 'सेव्ह करा' असे लिहिलेले असते. तिन्ही सूचना एकाच बटणाविषयी आहेत की वेगवेगळ्या, हे वाचणाऱ्याला समजत नाही.

२. पूर्वस्थिती : चाचणी सुरू होण्यापूर्वी कोणत्या अधिकाराने प्रवेश केलेला असावा आणि कोणती माहिती आधीपासून भरलेली असावी, याचा उल्लेख नसतो.

३. पायरीचा आकार : एका लेखकाची 'अर्ज भरा' ही एक पायरी दुसऱ्या लेखकाच्या संहितेत बारा पायऱ्या होते. त्यामुळे किती पायऱ्या उत्तीर्ण झाल्या, या मोजणीला अर्थ उरत नाही.

४. अपेक्षित परिणाम : 'योग्य रक्कम दिसावी', 'प्रणालीने नीट चालावे' अशा वाक्यांत 'योग्य' आणि 'नीट' यांचा निवाडा वाचणाऱ्यावर सोडलेला असतो.

५. चाचणीची माहिती : एकाच मिळकतीची किंवा एकाच खात्याची माहिती अनेक जण वापरतात. पहिल्याने पैसे भरले की दुसऱ्याला थकबाकी दिसत नाही आणि निर्दोष प्रणाली सदोष ठरते.

एक काल्पनिक उदाहरण

पंचवटी हा नाशिक महानगरपालिकेच्या सहा प्रशासकीय विभागांपैकी एक विभाग आहे. एखाद्या महापालिकेच्या घरपट्टी-वसुली प्रणालीसाठी पुढील संहिता लिहिली आहे, अशी कल्पना करू :

'पंचवटीतील मिळकतीची थकबाकी बरोबर येते का ते पाहावे.'

या वाक्याचे किमान तीन अर्थ होतात. 'पंचवटी' म्हणजे महापालिकेचा संपूर्ण विभाग, की रामकुंड व काळाराम मंदिराच्या परिसरातील जुनी वस्ती, हे स्पष्ट नाही. 'थकबाकी' म्हणजे केवळ मागील वर्षांची बाकी, की चालू वर्षाची मागणी धरून, हे सांगितलेले नाही. 'बरोबर' म्हणजे किती, हेही दिलेले नाही. तीन चाचणीकर्ते तीन निर्णय देतील आणि आपापल्या परीने तिघेही खरे असतील.

हीच संहिता पुढीलप्रमाणे लिहिता येते. यातील सर्व आकडे व नियम उदाहरणापुरते आहेत.

पूर्वस्थिती : चाचणीकर्त्याने 'नागरिक' या भूमिकेतून प्रवेश केलेला आहे. चाचणी-मिळकत क्रमांक १ ही 'पंचवटी' या प्रशासकीय विभागात नोंदलेली आहे. तिची मागील बाकी ४,२०० रुपये व चालू वर्षाची मागणी ३,६०० रुपये आहे.

पायरी १ : मिळकत क्रमांक भरा व 'शोधा' हे बटण दाबा. अपेक्षित परिणाम : 'मागील बाकी' या रकान्यात ४,२००, 'चालू मागणी' या रकान्यात ३,६०० आणि 'एकूण देय' या रकान्यात ७,८०० दिसतात.

पायरी २ : ५,००० रुपये भरा. अपेक्षित परिणाम : भरणा प्रथम मागील बाकीत वळता होतो. 'मागील बाकी' शून्य, 'चालू मागणी' २,८०० व 'एकूण देय' २,८०० दिसतात.

पायरी २ लिहिताना एक प्रश्न आपोआप पुढे आला : अपुरा भरणा आधी कोणत्या बाकीत वळता करायचा? याचे उत्तर संस्थेच्या नियमांत असावे लागते. ते नसेल तर संहिता पुरी होऊच शकत नाही. एकवाक्यतेचा आग्रह धरल्यास नियमांतील अशी पोकळी प्रणाली चालू होण्याआधीच दिसते. पहिल्या, सैल वाक्याने ती झाकली गेली असती.

संहितेची भाषा

मराठीत संहिता लिहिताना क्रियापदाच्या रूपाला विशेष महत्त्व आहे. 'दाबा' हा आज्ञार्थ, 'दाबावे' हा विध्यर्थ आणि 'दाबल्यास' हा संकेत. ही रूपे एकाच संहितेत मिसळली की कृती सक्तीची आहे की ऐच्छिक, याविषयी संदेह निर्माण होतो. 'दिसावे' या रूपातून अपेक्षा, इच्छा आणि कर्तव्य असे तिन्ही अर्थ निघू शकतात. त्यामुळे कृतीसाठी सर्वत्र आज्ञार्थ आणि अपेक्षित परिणामासाठी सर्वत्र साधा वर्तमानकाळ योजणे सोयीचे ठरते : 'बटण दाबा', 'पावती दिसते'.

बंधनकारकतेचे शब्द ठरवून घेण्याची प्रथा इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत आहे. मार्च १९९७ मधील २११९ क्रमांकाच्या दस्तऐवजाने 'केलेच पाहिजे', 'करावे' आणि 'करता येईल' या अर्थांच्या इंग्रजी शब्दांच्या व्याख्या निश्चित केल्या. मराठी संहितांसाठीही अशी त्रिस्तरीय योजना करता येते. तिचा खुलासा संहिता-संचाच्या आरंभी एकदाच दिला म्हणजे पुरते.

पारिभाषिक शब्दांसाठी शब्दसूची आवश्यक असते. महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन केले आणि पदनामे, शासनव्यवहार व निरनिराळी शास्त्रे यांचे परिभाषा कोश तयार करवून घेतले. एका कल्पनेला एकच शब्द आणि एका शब्दाला एकच अर्थ, हे अशा कोशांमागील तत्त्व संहितांनाही लागू पडते. मात्र पडद्यावरील बटणावर 'सबमिट' असा शब्द असेल, तर संहितेत 'सादर करा' असे शुद्ध रूप योजू नये. पडद्यावरील अक्षरे जशीच्या तशी अवतरणचिन्हांत द्यावीत.

वाक्याचा साचाच ठरवून देणाऱ्या पद्धतीही आहेत. 'क्युकंबर' या चाचणी-साधनासोबत वापरली जाणारी 'गर्किन' ही लेखनपद्धती प्रत्येक प्रसंग तीन भागांत मांडते : आरंभीची स्थिती, घडलेली कृती आणि त्यातून निघणारा परिणाम. तिचे सूचक शब्द अनेक भाषांत उपलब्ध असून त्यांत मराठीही आहे. 'जेव्हा–तेव्हा' ही मराठीच्या अंगवळणी पडलेली वाक्यरचना या साच्याला सहज जुळते.

मराठी मजकुराचे विशेष प्रश्न

डोळ्यांना सारखी दिसणारी दोन मराठी अक्षरे संगणकाच्या दृष्टीने भिन्न असू शकतात. 'कऱ्हाड' या नावातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. पहिल्या प्रकारात नुक्तायुक्त 'ऱ' या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडतात. दुसऱ्या प्रकारात साध्या 'र' नंतर हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे शून्य-रुंदीचे जोडचिन्ह येते. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच उमटतात. पण एका रूपात नोंदलेले नाव दुसऱ्या रूपात शोधल्यास ते सापडेलच असे नाही. युनिकोडच्या प्रमाणीकरण प्रक्रियेनेही ही दोन रूपे एक होत नाहीत. 'ॲ' या अक्षराचेही तसेच आहे : त्याला युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्र स्थान मिळाले, परंतु 'अ' ला चंद्र जोडूनही ते लिहिले जाते.

यावरून दोन नियम निघतात. पहिला, चाचणीसाठी लागणारे मराठी शब्द चाचणीकर्त्याने स्वतः टंकलिखित करावेत की दिलेल्या संचिकेतून उचलावेत, हे संहितेत स्पष्ट असावे. दुसरा, अशा जोडरूपांसाठी स्वतंत्र संहिता असावी; तिच्यात दोन्ही रूपांनी शोध घेऊन तीच नोंद मिळते का, हे तपासावे. पिनकोड ४२२००३ देवनागरी अंकांत भरल्यास प्रणाली तो स्वीकारते का, 'नाशिक' आणि 'नासिक' ही दोन्ही प्रचलित रूपे तिला ओळखता येतात का, असे प्रश्नही याच वर्गात येतात. ते संहितेत नसतील तर निकाल चाचणीकर्त्याच्या कळफलकावर अवलंबून राहतो.

दोषांच्या तीव्रतेचे निकष

संहिता निःसंदिग्ध असूनही निर्णयाचे निकष अस्थिर असतील तर एकवाक्यता टिकत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या आरोग्य विभागाची वेतन-प्रणाली मार्च २०१० मध्ये सुरू झाली आणि हजारो कर्मचाऱ्यांना कमी, जास्त किंवा मुळीच वेतन न मिळण्याचे प्रकार घडले. या प्रकरणाचा चौकशी अहवाल २०१३ मध्ये आला. स्वीकृती चाचणीत अनेक दोष आढळले होते. पण दोषांच्या तीव्रतेचे वर्गीकरण व उत्तीर्णतेचे निकष चाचणी सुरू असतानाच शिथिल करण्यात आले होते. या प्रणालीचा एकूण खर्च सुमारे १.२ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज वर्तवण्यात आला.

यासाठी तीव्रतेच्या व्याख्या चाचणीपूर्वी लेखी ठरवून त्यांवर दोन्ही पक्षांच्या सह्या घेतल्या जातात. 'गंभीर', 'मध्यम', 'किरकोळ' अशी विशेषणे पुरेशी नसतात. 'काम पूर्ण होत नाही व दुसरा मार्गही नाही', 'दुसऱ्या मार्गाने काम पूर्ण होते', 'काम होते, केवळ मांडणी सदोष आहे' अशी पडताळता येणारी वर्णने अधिक उपयोगी पडतात. निकष बदलणे अपरिहार्य झाल्यास बदलाची तारीख व कारण नोंदवून आधीचे सर्व निकाल नव्याने तपासावेत.

महाराष्ट्रातील अनुभव : सातबारा आणि चावडी वाचन

जनतेने संगणकीय नोंदी स्वतः पडताळून पाहण्याचा महाराष्ट्रातील एक मोठा प्रसंग सातबारा उताऱ्याशी निगडित आहे. गाव नमुना ७ हा अधिकार अभिलेख व गाव नमुना १२ ही पिकांची नोंद मिळून हा उतारा बनतो. हस्तलिखित उताऱ्यांवरून संगणकीय उतारे तयार होताना दोन्हींत तफावती राहिल्या. त्या शोधण्यासाठी २०१७ मध्ये राज्यात चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. गावकऱ्यांसमोर संगणकीय उताऱ्यांचे वाचन करून खातेदारांचे आक्षेप घ्यावेत व त्यानुसार दुरुस्ती करावी, असा तिचा उद्देश होता. पुढे १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा नागरिकांसाठी उपलब्ध झाला.

या मोहिमेला त्या वेळी स्वीकृती चाचणी असे नाव नव्हते. परंतु तिचे घटक तेच होते. हस्तलिखित उतारा हा तुलनेचा आधार, संगणकीय उतारा हा तपासायचा परिणाम आणि खातेदार हा वापरकर्ता. अशा तपासणीसाठी एकवाक्य संहिता लिहायची झाल्यास 'उतारा बरोबर आहे का?' हा प्रश्न पुरत नाही. खातेदाराचे पूर्ण नाव, गट क्रमांक, क्षेत्र, पोटखराबा, फेरफार क्रमांक, इतर हक्क व बोजा या प्रत्येक रकान्यासाठी स्वतंत्र प्रश्न लागतो. शिवाय खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळते का, यासारखी अंतर्गत पडताळणीही लागते.

एककांचा प्रश्न येथे लक्षणीय आहे. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर यांत असते, तर बोलण्यात गुंठे व एकर चालतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. 'चाळीस' हा आकडा ऐकून एकाने ४० गुंठे व दुसऱ्याने ४० आर असा अर्थ घेतला, तर सुमारे ४७ चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ पाचशे चौरस फुटांचा फरक पडतो. दोघेही 'बरोबर आहे' असेच म्हणतील. अपेक्षित परिणाम लिहिताना आकड्यासोबत एकक लिहिणे सक्तीचे का असावे, हे यावरून कळते.

स्वीकृतीनंतर चूक दुरुस्त करणे अशक्य नसते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील कलम १५५ अन्वये लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद आहे. पण त्यासाठी अर्ज, चौकशी व आदेश हा मार्ग चालावा लागतो आणि तो चालण्याचा भार खातेदारावर येतो. चाचणीच्या वेळी जो प्रश्न एका ओळीत विचारता आला असता, त्यासाठी नंतर कचेरीच्या फेऱ्या माराव्या लागतात.

एकवाक्यतेचे मापन

एकवाक्यता आहे की नाही, हे अजमावण्याचा सोपा उपाय म्हणजे काही निवडक संहिता दोन व्यक्तींना स्वतंत्रपणे चालवायला देणे. समजा, ५० संहितांपैकी ३५ दोघांनी उत्तीर्ण व ७ दोघांनी अनुत्तीर्ण ठरवल्या. उरलेल्या ८ पैकी ५ केवळ पहिल्याने आणि ३ केवळ दुसऱ्याने उत्तीर्ण ठरवल्या. येथे मतैक्य ४२ संहितांवर, म्हणजे ८४ टक्के आहे.

परंतु बहुतेक संहिता उत्तीर्णच होत असल्याने यातील बरेचसे मतैक्य योगायोगानेही घडले असते. तो भाग वजा करण्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला 'कप्पा' हा गुणांक वापरतात. पहिल्याने एकूण ४० व दुसऱ्याने ३८ संहिता उत्तीर्ण ठरवल्या असल्याने योगायोगाचे अपेक्षित मतैक्य ०.६५६ येते. प्रत्यक्ष मतैक्य ०.८४ असल्याने दोहोंतील फरक ०.१८४ आहे. त्याला १ मधून ०.६५६ वजा करून उरणाऱ्या ०.३४४ ने भागले असता कप्पा सुमारे ०.५३ येतो. दिसायला चांगले वाटणारे ८४ टक्के मतैक्य प्रत्यक्षात मध्यम प्रतीचे आहे, असा याचा अर्थ. मतभेद झालेल्या आठ संहितांचे वाचन दोघांनी एकत्र बसून केल्यास संदिग्ध वाक्य बहुधा लगेच सापडते.

मापनाखेरीज पुढील प्रथाही उपयोगी ठरतात : सर्व लेखकांसाठी एकच आकृतिबंध व शब्दसूची, प्रत्येक संहितेवर ती ज्या मागणीची पडताळणी करते त्या मागणीचा क्रमांक, प्रत्येक बदलासाठी आवृत्ती क्रमांक, प्रत्येक चाचणीकर्त्यासाठी स्वतंत्र चाचणी-माहिती, आणि संहिता लिहिण्यात सहभागी नसलेल्या व्यक्तीकडून आधी रंगीत तालीम. या तालमीत वाचणाऱ्याने शंका विचारल्यास तोंडी उत्तर न देता वाक्य दुरुस्त करावे, असा संकेत पाळला जातो.

मर्यादा

एकवाक्यता म्हणजे अचूकता नव्हे. चुकीचा नियम निःसंदिग्ध भाषेत लिहिला तर सर्व चाचणीकर्ते एकमताने चुकीचाच निर्णय देतील. म्हणून अपेक्षित परिणाम ज्या नियमावरून काढला, तो नियम विषयाच्या जाणकाराकडून तपासून घ्यावा लागतो.

त्याच त्या संहिता पुनःपुन्हा चालवल्यास नवे दोष सापडेनासे होतात. बोरिस बायझर यांनी याला कीटकनाशकाची उपमा दिली : एकच औषध वारंवार फवारले की त्याला दाद न देणारे किडेच मागे उरतात. नाशिक परिसरातील द्राक्षबागाईतदारांना ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. यावर उपाय म्हणून चाचणीचा काही वेळ संहितेविना, अनुभवी वापरकर्त्याच्या मर्जीनुसार प्रणाली हाताळण्यासाठी राखून ठेवतात. सेम केनर यांनी या पद्धतीला 'शोधक चाचणी' या अर्थाचे नाव दिले. तीत सापडलेला दोष पुढील खेपेस संहितेत उतरवला म्हणजे एका व्यक्तीच्या हाती लागलेली गोष्ट नंतर येणाऱ्या प्रत्येक चाचणीकर्त्याला तपासता येते.